कोण हळूच घोरतं आणि कोण घर डोक्यावर घेतं? आपल्या घोरण्याचं मूळ शोधायचं कसं

घोरण्यावर उपाय विचारा, दहा जण दहा गोष्टी सांगतील. कोण म्हणतं वजन उतरव, कोण म्हणतं कुशीवर झोप, कोण म्हणतं नाकाला पट्टी लाव, आणि गंमत म्हणजे यातला जवळपास प्रत्येक जण खरंच बोलत असतो, फक्त स्वतःपुरतं. कारण आवाज ऐकायला सारखा वाटला तरी कुणाचा तो नाक चोंदल्यामुळे येतो, कुणाचा टाळूतून येतो, कुणाचा जिभेच्या मुळाशी तयार होतो, आणि जागा बदलली की उपाय पण बदलतो. म्हणून आधी आपली जागा शोधायची आणि मग पैसे खर्च करायचे, बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. ती जागा कशी शोधायची आणि सापडल्यावर काय करायचं ते खाली लिहिलंय, घोरणाऱ्यासाठी पण आणि त्याच्या शेजारी टक्क जागं राहणाऱ्यासाठी पण (वाचणारे जास्त करून दुसऱ्या प्रकारातलेच असणार, पहिला डाराडूर झोपलाय).

आवाज होतो कसा

हे जरा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. नाकपुडीपासून स्वरयंत्रापर्यंत हवेचा जो रस्ता आहे त्याला सगळीकडे टणक आधार नाहीये. नाकात हाड आणि कूर्चा आहे, खाली श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत, पण मधला घशाचा भाग नुसता मांसल, तो उघडा राहतो तो स्नायूंच्या जोरावर. जागेपणी हे स्नायू आपलं काम चोख करतात. झोप लागली की ते सैलावतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ लोंबते, आणि रस्ता अरुंद होतो. आता तेवढीच हवा अरुंद जागेतून न्यायची म्हणजे तिचा वेग वाढणार, वेग वाढला की तिथला दाब कमी होतो, दाब कमी झाला की मऊ भिंती आत ओढल्या जातात, मग सुटतात, परत ओढल्या जातात, आणि हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं. फुग्याचं तोंड दोन बोटांनी ताणून हवा सोडली की जसा आवाज येतो तसंच हे, ताण थोडा बदलला की सूर बदलतो.

मग एकाचा आवाज मांजरीच्या गुरगुरण्याएवढा आणि दुसऱ्याचा भिंतीपलीकडे ऐकू जाणारा, हे का? तर तीन गोष्टी बघायच्या. रस्ता किती अरुंद झालाय ही पहिली. दुसरी म्हणजे थरथरणारा भाग किती लांब, जाड आणि सैल आहे, लांब टाळू आणि मोठी पडजीभ असेल तर थरथरायला मालच जास्त. आणि तिसरी, जी सगळे विसरतात, ती म्हणजे छाती हवा किती जोरात ओढतेय. नाक चोंदलेलं असेल तर छाती जास्त जोर लावते, जोर वाढला की घशात ओढ वाढते, आणि त्या ओढीने आधीच सैल असलेला टाळू आणखी फडफडतो, म्हणजे दोष नाकाचा आणि आवाज टाळूचा, असं पण होतं. त्यात तोंड उघडं पडलं की खालचा जबडा मागे जातो, जीभ त्याच्याबरोबर मागे, वर आवाजाला बाहेर पडायला मोकळी वाट.

आकड्यांत सांगायचं तर कुजबुज साधारण ३० डेसिबल, समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास, आणि जोरदार घोरणारे ८० च्या वर सहज जातात. १९९३ मध्ये स्वीडनमधल्या एका माणसाचं घोरणं ९३ डेसिबल मोजलं गेलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आणि डेसिबलचा हिशोब साधा बेरजेचा नसतो बरं का, १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे ६० आणि ८० मधला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा फारच मोठा.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आवाज मोठा म्हणजे आजार मोठा असं सरळ गणित नाहीये. रस्ता अर्धवट बंद असतो तेव्हा आवाज होतो. पूर्ण बंद झाला की हवाच जात नाही, मग आवाज कुठून येणार? म्हणजे घोरता घोरता मधेच जी शांतता पसरते आणि शेजारच्याला वाटतं हुश्श, थांबला एकदाचा, ती शांतताच खरी काळजीची. याबद्दल पुढे येतोच.

कुणाला जास्त आणि का

वजन हे कारण सगळ्यांना माहितीये पण ते पोटापेक्षा मानेवर जास्त दिसतं. घशाच्या भोवती चरबी साठली की रस्ता बाहेरून दाबला जातो, आणि चरबी जिभेत पण साठते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. म्हणून डॉक्टर वजनकाट्याबरोबर टेप पण काढतात, पुरुषाची मान १७ इंचाच्या वर म्हणजे साधारण ४३ सेंटीमीटर आणि बाईची १६ इंचाच्या वर असेल तर लक्ष द्यायचं. शर्टाच्या कॉलरचा नंबर बघितला तरी अंदाज येतो.

पण सडपातळ माणसं पण भिंती हादरवतात, आणि त्यांना सगळे म्हणतात तू कसा काय घोरतोस. त्यांच्यात बऱ्याचदा जबड्याची ठेवण कारण असते. हनुवटी मागे असेल, खालचा जबडा छोटा असेल, टाळू उंच आणि अरुंद असेल, तर जीभ नॉर्मल मापाची असूनही तिला राहायला जागा पुरत नाही आणि ती मागे घशात जाते. चेहऱ्याची ठेवण घराण्यातून येते, म्हणून बापलेक एकाच सुरात घोरताना सापडतात.

बायकांपेक्षा पुरुष जास्त घोरतात, त्यांच्यात चरबी मानेकडे जास्त जाते आणि घशाचा मऊ भाग लांबीला जास्त असतो. बायकांना प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन थोडंफार सांभाळून घेतं, पण पाळी गेली की ते संरक्षण जातं आणि पन्नाशीनंतर बऱ्याच जणी पहिल्यांदाच घोरायला लागतात, आणि लाजेपायी कुणाला सांगत नाहीत, ज्यात लाजण्यासारखं खरंच काही नाहीये. गरोदरपणात नाकाचं अस्तर सुजतं त्यामुळे घोरणं सुरू होऊ शकतं, ते बऱ्याचदा बाळंतपणानंतर जातं, पण गरोदरपणात नव्याने आणि रोज घोरणं सुरू झालं तर डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला कारण त्याचा संबंध वाढत्या ब्लड प्रेशरशी दिसलाय.

बाकीची कारणं भराभर. वय वाढलं की घशाचे स्नायू सैल पडतात. सिगारेटमुळे घशाचं आणि नाकाचं अस्तर कायम सुजलेलं राहतं. थायरॉइड कमी असेल तर जीभ आणि घशातले मऊ भाग सुजू शकतात. संध्याकाळी पाय सुजणाऱ्यांचं पाणी रात्री आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं. आणि दारू, झोपेच्या गोळ्या, आणि दोन दिवसांची साठलेली झोप, या तिन्हींमुळे स्नायू नेहमीपेक्षा जास्त ढिले पडतात, म्हणूनच एरवी गप्प झोपणारा माणूस पार्टीच्या रात्री किंवा लांबच्या प्रवासानंतर अचानक गर्जायला लागतो.

पायरी पहिली, रेकॉर्ड करा

स्वतःचं घोरणं स्वतःला ऐकू येत नाही, आणि दुसऱ्याने सांगितलेलं पटत नाही, त्यामुळे वाद घालण्यापेक्षा मोबाइल लावा. घोरणं रेकॉर्ड करणारी फुकट अ‍ॅप्स आहेत, नाहीतर साधं व्हॉइस रेकॉर्डर पण चालतं. फोन रोज त्याच जागी, डोक्यापासून हातभर अंतरावर ठेवायचा, कारण जागा बदलली की आवाजाचा आकडा बदलतो आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही. अ‍ॅपमधला डेसिबलचा आकडा खरा मानू नका, फोनचा माइक त्यासाठी बनलेला नाहीये, फक्त आपल्याच कालच्या रात्रीशी आजची रात्र ताडून बघायला तो बरा.

दोन आठवडे हे करा आणि सकाळी एका ओळीत लिहून ठेवा, कुठल्या कुशीवर झोपलो, नाक कसं होतं, दारू घेतली का, आदल्या रात्री झोप किती झाली होती. एवढंच. दोन आठवड्यांत पॅटर्न दिसायला लागतो. फक्त उताणं असताना घोरताय का रात्रभर कसंही? सर्दीच्या दिवसांतच वाढतं का? पहिल्या दोन तीन तासांतच जोर असेल आणि त्या रात्री प्यायला होतात तर उत्तर समोरच आहे. पहाटेकडे बिघडत असेल तर तेही नोंदवा, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात जास्त असते आणि तेव्हा स्नायू सगळ्यात ढिले असतात, श्वास अडकण्याचे प्रकार बऱ्याच जणांना तेव्हाच जास्त होतात. ऐकताना फक्त मोठा आवाज शोधू नका, शांततेचे तुकडे पण शोधा, आणि शांततेनंतर एकदम धाप लागल्यासारखा, गुदमरून सुटल्यासारखा श्वास येतो का ते बघा.

पायरी दुसरी, आरसा आणि टॉर्च

आरशासमोर सरळ बसा, तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा, आवाज काढायचा नाही. मागे काय दिसतंय? अख्खी पडजीभ आणि तिच्या दोन्ही बाजूच्या कमानी दिसत असतील तर पहिला वर्ग, पडजिभेचा थोडा भाग झाकला गेला तर दुसरा, फक्त तिचं मूळ दिसलं तर तिसरा, आणि जिभेमागे मऊ टाळूसुद्धा दिसत नसेल, नुसता वरचा कडक टाळूच दिसत असेल तर चौथा. याला मल्लमपाटी वर्गवारी म्हणतात, डॉ. मल्लमपाटी भुलतज्ज्ञ होते आणि ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घालणं कितपत अवघड जाईल हे आधी कळावं म्हणून १९८५ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली, पण घशात जागा किती आहे याचा अंदाज घ्यायला ती झोपेचे डॉक्टर पण वापरतात. तिसरा चौथा वर्ग आला म्हणून घाबरायचं नाही, जागा कमी आहे एवढंच कळतं. त्याच वेळी टॉन्सिल्स बघून घ्या, दोन्ही बाजूंनी मधोमध येऊन एकमेकांना भेटायला आले असतील तर ते कारण असू शकतं.

मग आवाजाची चाचणी, ही कुणी ऐकत नसताना करा. तोंड उघडून घोरल्याचा आवाज काढा, मग तोंड बंद करून काढा. तोंड उघडल्यावरच जमत असेल तर तोंडाने श्वास घेणं हा तुमचा मुख्य घोळ असण्याची शक्यता जास्त. आता जीभ जेवढी बाहेर निघेल तेवढी काढा, दातांमध्ये हलकी धरा आणि परत तोच आवाज काढून बघा. जीभ पुढे धरल्यावर आवाज बराच कमी झाला तर जिभेचं मूळ मागे पडतंय असं समजायला जागा आहे. काहीच फरक पडला नाही तर टाळू आणि पडजिभेकडे संशय. सुरावरून पण थोडं कळतं, खोल आणि घरघरता आवाज बहुतेक वेळा टाळूचा, जिभेच्या मुळाचा आवाज त्यामानाने वरच्या पट्टीतला आणि खरखरीत. अर्थात जागेपणीची चाचणी ती जागेपणीचीच, झोपेत स्नायू वेगळे वागतात, म्हणून ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा डॉक्टर औषधाने झोपवून दुर्बिणीतून घसा बघतात. घरच्या घरी दिशा कळली तरी पुष्कळ झालं.

नाकाचं सोपं आहे. एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीने श्वास घ्या, मग उलट. फक्त एकदा बघून निकाल लावू नका कारण निरोगी माणसाची पण एक बाजू थोडी बंद आणि एक मोकळी असते आणि काही तासांनी ती अदलाबदल होते, तेव्हा दिवसातून तीन चार वेळा बघा. कायम एकच बाजू बंद असेल तर मधला पडदा वाकडा असू शकतो, ज्याला लोक नाकाचं हाड वाढलंय म्हणतात. आता नाकाच्या शेजारी गालावर दोन बोटं ठेवून गाल हलकेच बाहेरच्या बाजूला ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर अडचण नाकाच्या तोंडाशीच आहे, आणि मग ती नाकावर लावायची चिकटपट्टी तुम्हाला खरंच उपयोगी पडेल. इतरांना ती फारशी पडत नाही, आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात.

पायरी तिसरी, फुकटातले उपाय आधी

उताणं झोपल्यावरच घोरणाऱ्यांचं नशीब चांगलं, कारण यांना कुशीवर ठेवलं की अर्धं काम झालं. उताणं झोपलं की गुरुत्वाकर्षण जीभ सरळ घशात ढकलतं. अडचण एवढीच की झोपताना कुशीवर आणि जागे होताना उताणे. त्यासाठी जुना टीशर्ट घ्या, पाठीवर मधोमध खिसा शिवा आणि त्यात टेनिस बॉल टाका, वळलं की टोचतं आणि माणूस न उठता परत कुशीवर जातो. ऐकायला येडपट वाटतं पण चालतं, फक्त बरेच जण काही दिवसांनी वैतागून सोडतात, तेव्हा पाठीमागे लांब लोड लावून बघा, तो जरा सुसह्य आहे.

उशांचा ढीग लावू नका. दोन तीन उशांवर डोकं ठेवलं की मान पुढे वाकते आणि हनुवटी छातीला टेकते, घशाचा रस्ता उलट आणखी दुमडतो. वर उचलायचं तर कमरेपासून वर उचला, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १०-१५ सेंटीमीटरचे ठोकळे देऊन, नाहीतर उतरत्या आकाराची उशी घेऊन.

दारू घ्यायचीच असेल तर झोपेच्या आधी तीन चार तासांचं अंतर ठेवा. झोपेची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण गोळी देणाऱ्या डॉक्टरला घोरण्याचं सांगा, बहुतेक वेळा हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि पुरेशी झोप घ्या, हे वाचून कंटाळा येतो मला माहितीये, पण थकलेला माणूस जास्त घोरतो आणि घोरणाऱ्याची झोप खराब होऊन तो आणखी थकतो, हे चक्र कुठेतरी तोडावं लागतंच.

नाक चोंदत असेल तर झोपायच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पाणी उकळून गार केलेलंच वापरायचं, नळाचं थेट अजिबात नाही. नाक पटकन मोकळं करणारे स्प्रे मिळतात ते मात्र जपून, सलग तीन चार दिवसांच्या वर वापरले तर औषध उतरलं की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि मग माणूस त्या स्प्रेतच अडकतो. अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी स्टिरॉइडचे स्प्रे असतात, ते वेगळे, हळूहळू काम करतात आणि डॉक्टरांना विचारून घ्यायचे.

वजनाचं थोडक्यात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात वजन १० टक्के कमी झालेल्यांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण साधारण २६ टक्क्यांनी कमी होईल असं दिसलं आणि १० टक्के वाढलेल्यांमध्ये ३२ टक्क्यांनी वाढेल असं. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ८ किलो उतरवले तरी फरक पडतो, त्यासाठी हिरो व्हायची गरज नाही. पण सडपातळ माणसाला वजनाचा सल्ला देऊ नका, त्याचा जबडा डाएटने पुढे येणार नाहीये.

जिभेचा व्यायाम, हसू नका

हा मला सगळ्यात आवडणारा उपाय आणि सगळ्यात कमी लोक करतात, कारण यात विकत घ्यायला काही नाही. ब्राझीलमध्ये संशोधकांनी घोरणाऱ्यांना तोंडाचे आणि घशाचे व्यायाम करायला लावले, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ३९ जण होते, तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्या गटात घोरण्याची संख्या ३६ टक्क्यांनी आणि आवाजाची एकूण ताकद ५९ टक्क्यांनी घटली. त्याआधी स्वित्झर्लंडमध्ये डिजेरिडू नावाचं ऑस्ट्रेलियन आदिवासींचं लांब फुंकवाद्य चार महिने वाजवायला लावून प्रयोग झाला होता, त्यात पण दिवसाची पेंग कमी झाली, आणि २०१७ मध्ये त्या प्रयोगाला विनोदी संशोधनाचं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं, हे फारच समर्पक.

करायचं असं. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला लावा आणि तिथून मागे मागे सरकवत न्या, २० वेळा. मग अख्खी जीभ टाळूला चिकटवून वर दाबा, जसं काही ती वर शोषली गेलीये, २० वेळा. मग टोक खालच्या दातांना टेकवून ठेवायचं आणि जिभेचा मागचा भाग खाली दाबायचा, हेही २०. त्यानंतर तोंड उघडून आ म्हणत पडजीभ वर उचलायची, आरशात बघत केलं की ती उचलली जातेय का ते कळतं, सुरुवातीला नीट जमत नाही. शेवटी बोट गालाच्या आतून बाहेर ढकला आणि गालाच्या स्नायूने बोट आत दाबा, दोन्ही बाजूंना १०-१० वेळा. आणि जेवताना दोन्ही बाजूंनी चावायची सवय लावा. एका वेळेला आठेक मिनिटं लागतात, दिवसातून तीनदा करायचं. पहिल्या आठवड्यात काहीच होणार नाही, तीन महिने द्या, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा म्हणजे फरक नुसता वाटतोय की खरंच आहे ते कळेल.

विकत घ्यायच्या वस्तू

आवाजाच्या चाचणीत जीभ पुढे धरल्यावर आवाज कमी झाला असेल तर खालचा जबडा पुढे धरणारी दातांवर बसवायची पट्टी तुमच्या कामाची. डेंटिस्ट दातांचं माप घेऊन बनवतात ती जास्त टिकते आणि नीट बसते, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायची तयार पण मिळते पण ती ढिली होते. सुरुवातीला लाळ गळते, सकाळी जबडा दुखतो, आणि वर्षानुवर्षं वापरली तर दात एकमेकांवर बसण्याची जागा थोडी बदलू शकते, म्हणून मधेमधे दाखवत राहायचं.

तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचं फॅड आलंय, त्याबद्दल माझं स्पष्ट मत, नाक पूर्ण मोकळं आहे याची खात्री नसताना आणि श्वास अडकण्याचा संशय असताना हे करू नका. नाक रात्री चोंदलं तर शरीराकडे राहिलेली एकच वाट तुम्ही बंद केलेली असते. हनुवटी वर बांधणाऱ्या पट्ट्यांचा फार काही फायदा दिसलेला नाही. घशात मारायचे स्प्रे, अंगठ्या, चुंबकं, पैसे वाचवा.

कधी घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठायचा

घोरणाऱ्या प्रत्येकाला स्लीप अ‍ॅप्निया नसतो, पण अ‍ॅप्नियावाले बहुतेक जण घोरतात. अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास किमान १० सेकंद बंद पडणं, आणि ताशी असं किती वेळा होतं, पूर्ण बंद आणि अर्धवट अडकणं दोन्ही धरून, त्यावर ते किती गंभीर ते ठरतं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर. माणसाला यातलं सकाळी काही आठवत नाही, त्याला फक्त आठ तास झोपून पण झोप झाल्यासारखं वाटत नाही.

स्वतःला हे आठ प्रश्न विचारा, डॉक्टर पण हेच विचारतात. बंद दाराबाहेर ऐकू जाईल एवढं घोरता का? दिवसा थकलेले, पेंगुळलेले असता का? झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का? ब्लड प्रेशर आहे का? बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३५ च्या वर? वय ५० च्या वर? मान ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त (या यादीत पुरुष-बाई दोघांना हेच माप)? पुरुष आहात का? तीन किंवा जास्त हो आले तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, करून घ्या, पाच किंवा जास्त आले तर आजउद्या करू नका. आणि गाडी चालवताना डोळा लागत असेल तर बाकी मार्क मोजत बसू नका, आधी स्टिअरिंग सोडा आणि मग अपॉइंटमेंट घ्या.

मध्यम आणि गंभीर अ‍ॅप्नियावर सीपॅप मशीन देतात, मास्कमधून हलक्या दाबाने हवा सोडून ती घसा उघडा ठेवते, ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. घोरणं तर त्याच रात्री बंद होतं. लोक मास्कला वैतागतात, पण बऱ्याचदा मास्कचं माप चुकलेलं असतं, बदलून बघा. ऑपरेशन टाळूचं, पडजिभेचं, नाकाच्या पडद्याचं होतं, पण कुठे अडतंय हे नक्की झाल्याशिवाय त्याला हो म्हणू नका, नाक सरळ केलं आणि जीभ मागे पडतच राहिली तर आवाज तसाच राहणार.

लहान मुलांचं वेगळं आहे. सर्दीत घोरलं तर ठीक, पण आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, मान मागे टाकून विचित्र झोपत असेल तर ईएनटीला दाखवा, गोड घोरतंय म्हणून व्हिडिओ काढून सोडून देऊ नका. ३ ते ७ वर्षांच्या मुलांमध्ये टॉन्सिल्स आणि अ‍ॅडिनॉइड्स (नाकाच्या मागे घशात असलेल्या गाठी) हे मुख्य कारण असतं. आणि झोप अपुरी झालेलं मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, ते उलट जास्त दंगा करतं, चिडचिड करतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि सगळे त्याच्या स्वभावाला दोष देत बसतात.

शेजारी झोपणाऱ्यासाठी

कानात फोमचे बोळे नीट घातले तर आवाज बराच कमी होतो, पण नीट म्हणजे बारीक पिळून, कान दुसऱ्या हाताने वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे, नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले की काही उपयोग नाही. पंख्याचा किंवा पावसासारखा सलग आवाज लावला तर घोरण्याचे चढउतार कमी जाणवतात, कारण झोपमोड मोठ्या आवाजाने जेवढी होते तेवढीच अचानक बदलणाऱ्या आवाजाने होते. जमलं तर तुम्ही आधी झोपा. वेगळ्या खोलीत झोपलात तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण एक लक्षात ठेवा, श्वास थांबतोय का हे बघणारं माणूस मग खोलीत राहत नाही, तेव्हा स्लीप स्टडी होईपर्यंत रेकॉर्डिंग बंद करू नका.

डॉक्टरकडे जाताना घोरणाऱ्याबरोबर तुम्ही पण जा. त्याला विचारलं तर तो म्हणणार थोडंफार घोरतो, बाकी काही नाही. दोन आठवड्यांच्या नोंदी, ज्यात शांतता आणि नंतरची धाप पकडली गेलीये असे मिनिट दोन मिनिटांचे तीन चार तुकडे, चालू असलेल्या गोळ्यांची यादी, आणि जमल्यास छाती आणि चेहरा दिसेल असा एक व्हिडिओ बरोबर ठेवा. छाती हलतेय, पोट हलतेय पण नाकातून हवा जात नाहीये, हे त्या व्हिडिओत दिसलं तर डॉक्टरांना पुढची तपासणी कुठली सांगायची ते लगेच कळतं.